शेवटचा भाग तुळजाक्कापाशी

तुळजाक्कानं शेजारच्या कमळाबाईंना चौदा वर्षं अळणी पच्चडी, म्हणजे दह्यातली कोशिंबीर, पाठवली. कारण इतकंच की, एका मुंजीच्या पंगतीत कमळाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "तुळजेच्या हाताला मीठ फार." त्या दिवसापासून प्रत्येक सणाला तुळजाक्काच्या घरून त्यांच्याकडे जी वाटी जाई, तिच्यात मिठाचा कण नसे. बाकी सगळं असे. फोडणी, कढीलिंब, वर ओलं खोबरंसुद्धा. वाटी परत पाठवायची कमळाबाईंची छाती नव्हती. पंधराव्या वर्षी त्या आल्या आणि म्हणाल्या, "अक्का, चुकलं माझं." तुळजाक्का आत गेली आणि केळीच्या पानात बांधलेली एक पुडी घेऊन बाहेर आली. म्हणाली, "हे घे. तुझ्या वाटचं मीठ. सांडलं नाही, ठेवून दिलं होतं."

क्षमाशील माणसंही मला आयुष्यात बरीच भेटली. त्यांच्यावर लिहायला बसलो तर अर्धं पान भरत नाही. तुळजाक्कावर मात्र लिहिल्यावाचून सुटका नाही, कारण तिच्या हिशेबात मीही होतो.

मी तेव्हा कुंभकोणमच्या एका शाळेत गणित शिकवत असे. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, आमच्याच गल्लीत राहणारी. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि अंबाड्यात कायम एक जाड सुई खोचलेली. तिचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी काशीला म्हणून गेला तो परतलाच नाही. वारल्याचीही खबर नाही, म्हणून कपाळाचं कुंकू तसंच राहिलं. कुणी त्याची आठवण काढली की ती म्हणे, "येऊ दे की. दार लावलेलं अहे." तिचे आजोबा तंजावरच्या वाड्यात पोथ्या शिवायला होते. इंग्रजांनी राज्य खालसा केलं, वाड्यातली चाकरी गेली आणि घराणं कुंभकोणमला आलं. येताना सोबत हातातली कला तेवढी आली. आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून मुलीकडे सुई, दोरा आणि एक विशिष्ट गाठ उतरली. ती गाठ दुसऱ्या कुणाला बांधता येत नसे, आणि सोडवायला गेलं तर दोरा तुटत असे.

आमच्या मराठी वाचक मंडळाचा सगळा कारभार त्या सुईवर चाले. कावेरीच्या या काठावर आमची चौदा मराठी घरं. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत आमचं मराठी, तेही असं की पुण्याची पाहुणी आली तर तिनं तोंडाला पदर लावून हसावं. तमिळ ऐकून ऐकून आमच्या जिभेनं 'आहे'चं 'अहे' केलं होतं आणि 'म्हणणं'मधला 'ह' टाकून दिला होता. पुण्याहून टपालानं कादंबरी येई ती एकच प्रत, आणि वाचायला टपलेली घरं चौदा. म्हणून अक्का पुस्तक उसवून त्याचे सहा-सात भाग करी. त्या काळी पुष्कळ पुस्तकं कडा न कापताच येत. पानं एकमेकांना जोडलेली असत, वाचणाऱ्यानं फाडत फाडत पुढं जायचं. अक्का बांबूच्या पट्टीनं ती पानं सोडवी, प्रत्येक भाग निळ्या कागदात शिवी आणि वर आपली ती गाठ मारी. मग पहिला भाग एका घरातून दुसऱ्या घरात निघे, त्याच्या मागून दुसरा, मग तिसरा.

रहस्यकथा आली की नियम वेगळा. तिचा शेवटचा भाग कुणाच्याच घरी जात नसे. तो रघुनाथराव वकिलांच्या दिवाणखान्यातल्या मंडळाच्या कपाटात बंद राही. सगळ्या घरांचं वाचून झालं की एका शनिवारी दुपारी मंडळी तिथं जमत. प्रत्येकानं खुनी कोण ते सांगायचं, आणि मग शेवटचा भाग मोठ्यानं वाचायचा. त्याला आम्ही अंदाजाचा शनिवार म्हणत असू. दिवाळीपेक्षाही त्या दिवसाची वाट आम्ही जास्त पाहिलेली आहे. माझी सासू एरवी देवळाबाहेर पडत नसे, पण खुनी सांगायला ती काठी टेकत येई.

रघुनाथराव शेवटी बोलत. ते मंडळाचे अध्यक्ष, दिवाणखाना त्यांचा, कॉफी त्यांची. आरामखुर्चीत मागं रेलून, तपकिरीची चिमूट बोटांत धरून ते वीस मिनिटं पुराव्याची चाळण करत आणि मग नाव घेत. ते नाव चुकत नसे. एकदाही नाही. आम्ही माना डोलावून म्हणत असू, वकिलाची नजर ती. दुसऱ्या दिवशी कोर्टात ही गोष्ट पसरे आणि तिसऱ्या दिवशी आडुतुरै गावापर्यंत पोचे. मला हा माणूस कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा अंदाज चुकला की ते "गणिताचे मास्तर!" एवढंच म्हणत आणि शिंकत.

सेतुराव हा अक्काचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून पंधरा वर्षांच्या बहिणीनं त्याला कडेवर वाढवलं. बाविसाव्या वर्षी तो मंडळाचा ग्रंथपाल झाला. कपाटाची किल्ली त्याच्या जानव्याला असे. स्वभावानं इतका मऊ की भाजीवालीनं किडकं वांगं दिलं तरी तो तिचे आभार मानून येई. वकिलांच्या शब्दावर कोर्टात त्याला कारकुनी मिळायची होती, तंजावरच्या एका घरात सोयरीकही ठरली होती.

एका अंदाजाच्या शनिवारी आम्ही सगळ्यांनी खुनी सांगितला, वकिलांनी आपली वीस मिनिटं घेतली, सेतूनं कपाट उघडलं, आणि आत शेवटचा भाग नव्हता.

"किल्ली कोणापाशी?" वकिलांनी विचारलं.

"मजपाशी," सेतू म्हणाला. "पण मी घेटलं नाही."

"मग कपाट पुस्तकं खातंय की काय?"

लोक हसले. मीही हसलो. वकिलांनी मला मंडळाची वही उघडायला लावली, कारण चिटणीस मी होतो, आणि ते सांगत गेले तसं मी लिहीत गेलो. 'ग्रंथपाल सेतुराव यांनी पुस्तकाचा शेवटचा भाग लंपास केला, सबब त्यांस मंडळातून कमी केले.' माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी ते नेहमीपेक्षाही चांगलं आलं.

पन्नास पानांची ती काय किंमत! पण 'लंपास' हा शब्द सेतूच्या आधी तंजावरला पोचला. सोयरीक मोडली. वकील कोर्टात म्हणाले, कागद पळवणाऱ्याच्या हाती सरकारी कागद कसे द्यायचे? कारकुनीही गेली. दोन महिन्यांत नागपट्टणमहून मलायातल्या पिनांगला जाणाऱ्या बोटीचं तिकीट काढून पोरगा निघाला. स्टेशनवर अक्का होती, मी होतो. गाडी हलताना त्यानं खिडकीतून विचारलं, "अक्का, माझं काय चुकलं?" घरी आल्यावर शेजारणीनं कॉफीचा टंबळर, म्हणजे पेला, पुढं ठेवला, तर अक्कानं तो हातानं बाजूला सारला. म्हणाली, "हे संपेपर्यंत नको." आता, अक्का आणि कॉफी म्हणजे काय हे गल्लीला विचारावं. सकाळचा पहिला डिकॉक्शन तिच्या पोटात गेल्याशिवाय तिच्याशी कुणी बोलत नसे. त्या दिवसापासून तिनं कॉफीला ओठ लावला नाही.

खरा चोर तिला भाजीच्या जुडीत सापडला. पट्टीश्वरमहून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन आमच्या गल्लीत येई. तिच्या एका मेथीच्या जुडीभोवती अक्काला आपलाच दोरा दिसला, आणि खाली छापील मराठी कागद. बाईला तिनं तमिळमध्ये विचारलं, हा कागद कुठला? ती म्हणाली, वकीलऐयांच्या मळ्यावरचा. ते बैलगाडीतून आले होते, झाडाखाली वाचत बसले आणि तिथंच विसरून गेले. वासरानं निम्मा खाल्ला, उरलेला राखणदारानं मला दिला.

म्हणजे वकिलांपाशी कपाटाची दुसरी किल्ली होती, आणि त्यांची ती नजर, ते वीस मिनिटांचं तर्कशास्त्र सगळं त्या किल्लीतून येत होतं. पुस्तक हरवलं तर ते कबूल कसं करणार? कबूल केलं की आजवरचे सगळे खुनी ओकावे लागणार. म्हणून त्यांनी पोरगा बळी दिला.

अक्का ते कागद घेऊन माझ्याकडे आली. मी पाहिले. दोरा ओळखला. आणि म्हणालो, "अक्का, भाजीवालीचं वकिलापुढं कोण ऐकणार? आता जाऊ द्या." माझी शाळेतली नोकरी नवी होती आणि शाळेच्या कमिटीत वकील होते. अक्कानं कागदांची घडी केली. ती कमरेला खोचली आणि निघून गेली. पुढच्या सणाला तिच्या घरून वाटी आली. मी घास तोंडात घातला. पच्चडी अळणी होती.

तिनं पाच वर्षं काहीच केलं नाही. पुस्तकं येत, ती शिवी, वकील खुनी ओळखत. पिनांगहून सेतूची पत्रं पहिली दोन वर्षं आली, एका रबराच्या मळ्यावर तो हजेरी मांडत होता. मग पत्रं विरळ झाली आणि थांबली. अक्काचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. सुई चालवताना मात्र ती दात घट्ट मिटून घेई.

सहाव्या वर्षी एक रहस्यकथा आली. अक्का म्हणाली, शेवटच्या पानांचा फर्मा छापखान्यातच राहिला वाटतं, पुस्तक अपुरं अहे. असं तेव्हा व्हायचंच, कुणाला नवल वाटलं नाही. बडोद्याला तिची मावसबहीण होती, तिच्याकडून शेवट हातानं उतरवून मागवला, असं तिनं सांगितलं. महिन्याभरानं शाईनं लिहिलेले बारा कागद निळ्या कव्हरात शिवून, गाठ मारून तिनं ते कपाटात ठेवले. किल्ली आता माझ्याकडे होती.

अंदाजाचा शनिवार आला. सगळ्यांचं झालं. मी सावकाराच्या दत्तक मुलाचं नाव घेतलं, वकील "गणिताचे मास्तर!" म्हणून शिंकले. मग ते सावरून बसले.

"खून केला न्हाव्यानं," ते म्हणाले. "पाचव्या प्रकरणात तो गप्प उभा अहे, तिथंच मज संशय आला. प्रश्न एकच, वस्तरा कुठं गेला? विहिरीत शोधला, नाही. माळ्यावर शोधला, नाही. मी विचार केला, परसात काय अहे? भोपळ्याचा वेल. भोपळा कोरून त्यात वस्तरा घातला आणि तुकडा परत बसवला! बघा, शेवटी तेच निघणार."

टाळ्या पडल्या. मी कपाटाकडे वळलो तर अक्का उठून उभी होती. पदराखालून तिनं दुसरीच एक निळी वही काढली. छापलेली. पुस्तकाचा खरा शेवटचा भाग. छापखान्यात काहीही राहिलेलं नव्हतं, पुस्तक पहिल्यापासून पुरं होतं.

"शामा, हे वाच," ती मला म्हणाली.

मी वाचलं. खून दत्तक मुलानं केला होता, उशीनं तोंड दाबून. न्हावी त्या दिवशी परगावी होता. हरवलेल्या वस्तऱ्याचा खुनाशी काही संबंध नव्हता आणि अख्ख्या पुस्तकात भोपळा हा शब्द नाही.

"अत्ता कपाटातलं काढ."

मी काढलं. गाठ लांबून अक्काच्या गाठीसारखी दिसत होती, पण दोरा दुसरा होता. वकिलांनी तोडून पुन्हा बांधला होता, आणि ती गाठ त्यांना जमली नव्हती; आजवर ती जवळून कुणी पाहिलीच नव्हती. मी बारावा कागद मोठ्यानं वाचला: 'आणि काय आश्चर्य! परसातील त्या भोपळ्याच्या पोटातून रक्ताने माखलेला वस्तरा निघाला!' बारा कागद अक्कानं स्वतः लिहिले होते. बडोद्याला तिची मावसबहीण नव्हतीच.

माझ्या सासूनं काठी जमिनीवर आपटली आणि म्हणाली, "ऐयो, भोपळा!" मला त्या क्षणी जो आनंद झाला तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. खोटं कशाला सांगू?

अक्का म्हणाली, "वहीतलं सेतूचं वाक्य खोडा."

वकिलांनी तपकीर ओढली. रुमालानं नाक पुसलं. मग हसून म्हणाले, "योगायोग! तुझ्या मावसबहिणीचं डोकं आणि माझं डोकं सारखंच चालतं मणायचं. अगं, कॉफी आणा की!"

कॉफी आली. निम्म्या घरांचे दावे वकिलांकडे होते, बाकीच्या निम्म्यांना पुढंमागं लागणार होते. एकेकानं टंबळर उचलला. वही माझ्या मांडीवर होती. मी ती उघडली नाही. अक्का एकटीच रिकाम्या हातानं उभी राहिली. मग सुई अंबाड्यात खोचून निघून गेली. त्या सणालाही माझी वाटी अळणीच आली, आणि यावेळी मी ती पुसून खाल्ली.

तो दिवस वकिलांना मात्र बाधला. पुन्हा कुठल्याही अंदाजाच्या शनिवारी त्यांनी तोंड उघडलं नाही. मंडळही हळूहळू विस्कटलं. पुढची पोरं तमिळ आणि इंग्रजी वाचत, बाळबोध अक्षरावरून त्यांची नजर घसरे. आणखी सहा वर्षांनी रघुनाथरावांचे डोळे गेले. साखरेचा विकार, मग पाय गेला, मग अंथरूण. एक मुलगा मद्रासला, दुसरा घरात, पण त्यालाही मराठी वाचता येत नव्हतं. म्हाताऱ्याला रहस्यकथेची चटक सुटली नव्हती. एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"शामराव, माझ्या दिवसांची काही खात्री नाही. एक शेवटचं पुस्तक ऐकायचंय. तुळजेस विचारा. वाचेल तर तीच वाचेल. आणि पुस्तकही तिनंच निवडायचं."

मी भीत भीत निरोप दिला. अक्का पानांना खळ लावत होती. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "सरी, बरं. यादी आण."

पुण्याच्या दुकानाची यादी मी आणून दिली. पुस्तक निवडायला तिनं तीन आठवडे घेतले. एवढा विचार लोक मुलीला स्थळ निवडतानाही करत नाहीत. मी नावं वाचायचो आणि ती मान हलवायची. हे नको, हे मद्रासच्या मराठी मंडळींनी वाचलं असेल, कुणीतरी येऊन त्यास शेवट सांगून जाईल. हे नको, लेखक नावाजलेला अहे, खुनी नेहमी डॉक्टरच असतो. हे पातळ अहे, चार दिवसांत संपेल, त्यास गोडी लागायला पाहिजे. शेवटी एका नव्याच माणसाचं पहिलं पुस्तक तिनं निवडलं, नुकतंच छापून झालेलं. "हे कोणी वाचलेलं नसणार," ती म्हणाली. गल्लीत सगळे म्हणाले, अक्का पाघळली. मलाही तसंच वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं.

रोज दुपारी जेवणं झाली की ती वकिलांच्या घरी जाई आणि पलंगापासून चार हातांवर पाटावर बसून वाची. मी शाळा सुटल्यावर डोकावत असे. वाची मात्र सुरेख. पोलिसाचा आवाज वेगळा, मोलकरणीचा वेगळा. वकील आंधळे डोळे छताकडे लावून ऐकत आणि मध्येच ओरडत, "थांब! मेहुणा! मेहुण्यानंच केलं!" दुसऱ्या दिवशी म्हणत, "नाही नाही, माळी." जन्मात पहिल्यांदा ते खरोखर अंदाज करत होते आणि रोज चुकत होते. त्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. सून सांगे, मामंजी सकाळपासून विचारतात, तुळजाक्का आली का?

अठराव्या दिवशी अक्कानं मला सांगितलं, "उद्या लवकर ये. मंडळाची वही आण, दौत-टाक आण."

मी गेलो तेव्हा सहावा भाग संपत आला होता. शेवटलं वाक्य वाचून तिनं तो खाली ठेवला. सातवा भाग तिच्या मांडीवर होता, निळ्या कागदात, गाठ मारलेला.

"वाच, वाच," वकील म्हणाले. "मेहुणा की माळी, एवढंच अत्ता राहिलं अहे."

"आधी लिवून द्या," अक्का म्हणाली.

"काय लिवू?"

"तुमास ठाऊक अहे."

बाहेर देवळातल्या दुपारच्या नौबतीचा आवाज येत होता. म्हातारा आधी चिडला. "अठरा दिवस याचसाठी?" मग विनवण्या झाल्या. मेलेल्या गोष्टी कशाला उकरतेस, मी मरतोय, देवाला भी. अक्का नुसती निळ्या कागदावरून बोटं फिरवत राहिली, आणि तो कागदाचा आवाज त्यांना ऐकू येत होता. शेवटी ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "शामराव, घ्या लिवून."

मी लिहिलं. दुसरी किल्ली त्यांच्यापाशी होती. पुस्तक त्यांनी नेलं, मळ्यावर विसरलं. सेतुरावांचा काडीचाही दोष नव्हता. मी त्यांचा हात धरून सही करवली. मग मागची पानं उलटून माझ्याच त्या सुबक ओळीवर रेघ मारली. एकदा मारून भागेना, म्हणून तीनदा मारली. कागद फाटला.

अक्कानं दाराकडे पाहिलं आणि सुनेला हाक मारली. "मुली, कॉफी अहे का?"

सून गोंधळली. अकरा-बारा वर्षांत अक्कानं कुणाच्या घरी कॉफी घेतल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. टंबळर आणि त्याखालची डबरा वाटी आली. अक्कानं कॉफी एकातून दुसऱ्यात उंचावरून ओतून निववली, फेस काढला आणि पलंगाशेजारी बसून, घोट घोट, सगळी प्यायली. वकील आवाज ऐकत होते.

"झाली कॉफी? अत्ता वाच."

तिनं टंबळर उपडा ठेवला. सातवा भाग उचलून काखेत घेतला आणि उठली.

"तुळजे! तू वाचीन मणालीस!"

"मी फक्त लिवून द्या मणाले, रघुनाथराव. वाचीन असं कधी सांगिटलं?"

"मेहुणा की माळी, एवढं तरी सांग! एक नाव! तुझ्या पाया पडतो!"

ती दारात थांबली. मला वाटलं, आता सांगेल. "सेतूनं गाडीतून विचारलं होतं, अक्का, माझं काय चुकलं?" ती म्हणाली. "मी तरी त्यास कुठं उत्तर दिलं?" आणि ओट्यावरून उतरून गेली. मागून म्हाताऱ्याच्या हाका रस्त्यापर्यंत येत होत्या.

अकरा दिवसांनी वकील वारले. सून सांगे, शेवटपर्यंत ते नावं घेत होते. कधी मेहुणा, कधी माळी, कधी मोलकरीण. लोकांना वाटलं, भ्रम झाला.

त्या सणाला माझ्या घरी वाटी आली. मी बोट बुडवून चाटलं. मीठ बरोबर होतं. एवढ्या मोठ्या माणसानं पच्चडीची वाटी हातात धरून रडावं हे बरं नाही, पण मी रडलो.

वकिलांच्या सहीच्या कागदाची नक्कल करून मी पिनांगला पाठवली. सात महिन्यांनी पाकीट परत आलं, वर शिक्का: या पत्त्यावर असा इसम नाही. मी ते अक्काला नेऊन दिलं. तिनं उलटसुलट पाहिलं आणि शिवणाच्या पेटीत ठेवलं. त्या दिवशी तिनं कॉफी दोनदा घेतली.

मग माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो. ती ओट्यावर बसून शाळेच्या पोरांची फाटकी पुस्तकं शिवत होती. नजर कमी झाली होती, सुईत दोरा मीच ओवून दिला. इतकी वर्षं मनात होतं ते शेवटी विचारलं. "अक्का, आता तरी सांगा. मेहुणा की माळी?"

तिनं पेटीतून तो सातवा भाग काढून माझ्या हातात दिला. गाठ तशीच होती. मी कडेनं पानं चाळायला गेलो तर चाळता येईनात. वरच्या आणि पुढच्या कडेला ती एकमेकांना जोडलेली होती. बांबूची पट्टी त्या पानांना लागलीच नव्हती.

"तुम्हीसुद्धा वाचलं नाही?"

"नाही."

"का?"

तिनं दोरा दातानं तोडला. "मज माझा भरवसा नव्हता, शामा. मरतं माणूस पाया पडायला लागलं की तोंडातून निघून जातं. मणून आधीच ठरवलं, आपल्यासच ठाऊक नको."

मी तो भाग परत दिला. तिनं तो पिनांगच्या पाकिटाशेजारी पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि पुढचं पुस्तक मांडीवर ओढलं.